अकरा नंबरची चूक

अमेरिकन फुटबॉल हा खेळ मी जन्मात कधी मैदानावर पाहिलेला नाही. तो चेंडूही हातात घेतलेला नाही. तरी गेली सहा वर्षं जळगावात, एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत बसून, मी तिकडच्या पोरांचं नशीब लिहिते. नशीब म्हणजे फार झालं, रकाने भरते. पण त्या रकान्यांवरून कुणीतरी कुणाला घेतं नाहीतर सोडतं, हे एकदा कळलं की माऊसवरच्या हाताला घाम सुटतो. माझ्या हाताला तर पहिल्या दिवसापासून सुटतो. आवाज मोठा, तोंड फटकळ आणि आतून भित्री, अशी मी बाई आहे. घरच्यांना माहीत आहे, बाहेर कुणाला पत्ता नाही.

त्या खेळात क्वार्टरबॅक नावाचा एकजण असतो. चेंडू आधी त्याच्या हातात येतो, आणि आला की समोरचे चार-पाच धिप्पाड गडी त्याला आडवा करायला धावत सुटतात. त्याच्याकडे दोन-तीन सेकंद. तेवढ्यात पुढे पळणाऱ्या आपल्या माणसांपैकी कोण मोकळा होणार ते बघायचं आणि फेकायचं. त्यातही तो माणसाकडे फेकत नाही, जागेकडे फेकतो. पळणारा अजून तिथे पोचलेला नसतो. ठरल्याप्रमाणे तो पोचेल, या भरवशावर चेंडू आधीच निघालेला असतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी म्हटलं, अगं बाई, एवढा भरवसा तर मी ओळखीच्या रिक्षावाल्यावरही ठेवत नाही.

दर एप्रिलमध्ये तिकडे कॉलेजातल्या खेळाडू पोरांची निवड होते. तिला ड्राफ्ट म्हणतात. क्लब पाळीपाळीने एकेक पोरगा उचलतात. कोण कितव्या पाळीला उचलला गेला, यावर त्या पोराला शिकायला किती वेळ मिळणार, किती चुका पोटात घातल्या जाणार, हे ठरतं. पहिल्या पाळीत आलेला क्वार्टरबॅक चुकला की म्हणतात, अजून लहान आहे, शिकेल. शेवटी आलेला चुकला की म्हणतात, बघा, आम्ही म्हणत नव्हतो! आणि क्वार्टरबॅक पारखण्यात हे क्लब हमखास फसतात. म्हणून त्यांना प्रत्येक पोराच्या प्रत्येक फेकीचा हिशेब लागतो. तो हिशेब फिरत फिरत पुण्याच्या एका सरांकडे येतो आणि सरांकडून आमच्याकडे.

आम्ही खोलीत पाचजणी. काम असं की एकाच सामन्याची फिल्म दोघींनी वेगवेगळी बघायची. एकमेकींचं बघायचं नाही, विचारायचं नाही. चेंडू हातात किती वेळ राहिला, पहिली नजर कुठे गेली, पाय कसे होते, अशा एकेका रकान्यात खूण करायची. दोघींची जुळली तर पुढे. नाही जुळली तर ते माझ्याकडे, कारण तपासनीस मी. मी म्हणेन ते खरं. मग जिचं चुकलं तिच्या नावापुढे जुळणी घसरायची. चुकलेल्या खुणा तिला दिसायच्या, आणि काम रवाना होईपर्यंत दुरुस्तही करता यायच्या. दुरुस्त केली की जुनी खूण पुसली जायची.

त्या पोरांची नावं आम्ही लक्षात ठेवायचो नाही, फक्त पाठीवरचे नंबर. यंदाच्या उन्हाळ्यात आमच्याकडे जो आला तो अकरा नंबर. उंच, मान थोडी पुढे काढून चालणारा. त्याचा हात इतका सुरेख होता की मी काम विसरून नुसती बघत बसायचे. पण सबंध हंगामात सात वेळा त्याचा चेंडू थेट समोरच्या संघाच्या हातात गेला होता, आणि त्यातल्या काही फेकी तर अशा, की बघणारा म्हणेल, आंधळा आहे का हा? तिथे तर त्याचा एकही माणूस नव्हता!

अशा वेळी भरायचा एक रकाना होता. दोष कोणाचा? फेकणाऱ्याचा, पळणाऱ्याचा, की कोणाचाच नाही?

हा रकाना म्हणजे माझ्या डोक्याला ताप. कारण त्यांचं आपसात काय ठरलं होतं ते आपल्याला कुठे माहीत! पळणारा सरळ जायचा होता की आत वळायचा होता, हे फिल्म सांगत नाही. मग मी एक युक्ती काढली. चेंडू गेल्यानंतर दहा सेकंद फिल्म चालू ठेवायची आणि कोण काय करतो ते बघायचं. अकरा नंबर दर वेळी एकच करायचा. आपल्या संघाकडे तोंड करून दोन बोटांनी छातीवर ठोकायचा. माझं चुकलं. झालं, दोष फेकणाऱ्याचा. मी खुशाल खूण करून मोकळी.

आता मला माझाच राग येतो, पण ही युक्ती मला इतकी बिनतोड का वाटली ते सांगते. मी आधी बारा वर्षं शाळेत खेळाची बाई होते. धुळ्यापासून यावलपर्यंत कबड्डीची कितीतरी मैदानं पाहिली. अंगाला हात लागलेला अख्ख्या गावाने पाहिलाय आणि गडी आईची शपथ घेऊन सांगतोय, "लागलाच नाही!" पंचांची कॉलर धरतील, पण बाद झालो म्हणणार नाहीत. आपल्याकडे आपणहून चूक कोण कबूल करतं? पकडल्यावरसुद्धा करत नाहीत. म्हणून एखादा स्वतःच छाती ठोकून माझं चुकलं म्हणतोय, म्हणजे ते त्याचंच असलं पाहिजे. दुसऱ्याचं कोण अंगावर घेईल? एवढा साधा माझा विचार होता.

आमच्यातली एक मुलगी अमळनेरजवळच्या खेड्यातून रोज गाडीने यायची. बी.एस्सी. झालेली, चोवीस वर्षांची, बोलायची कमी. ती सगळ्यात नवी, आणि खरं सांगते, तिच्यासारखी नजर मी दुसरी पाहिली नाही. बाकीच्या मुली चेंडू बघायच्या. ही पाय बघायची. सातातल्या पाच फेकींना तिने खूण केली होती, दोष पळणाऱ्याचा. जोडीच्या मुलीने केली होती, फेकणाऱ्याचा. माझ्याकडे आल्यावर पाचही मी तिच्या विरुद्ध दिल्या.

पाचव्यांदा ती उठून माझ्या टेबलाशी आली. हळूच म्हणाली, "ताई, चेंडू चुकना नही. त्याना पाय थांबनात."

"कोणाचे?"

"पळणाराना. याच खेळीमा बाकी येळले तो कडापर्यंत जास. या येळले मधमाच थांबना."

"एरवी कडेपर्यंत जातो, या वेळी मध्येच थांबला, म्हणतेस? मग अकरा नंबर छाती का ठोकतो? वेडा आहे का तो?"

"ते माले नही माहीत," म्हणाली, "पन पाय थांबनात." आणि मी सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडले. म्हटलं, "चार महिन्यांत तू मला शिकवायला लागलीस? जे दिसतं ते लिही, डोकं चालवू नको!" ती जागेवर जाऊन बसली. मला तेव्हा बरं वाटलं होतं, हेही सांगते.

आठवड्याभराने पुण्याच्या सरांचा फोन आला. त्या मुलीची जुळणी फार खाली गेली आहे, म्हणाले. हे काम जाईपर्यंत सुधारली नाही तर तिला थांबवा. मी तिला गच्चीवर नेऊन सांगितलं. ती रडली नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत तिने विचारलं, "मंग मी कसं दखू, ताई?" मी कसं बघू? मी म्हटलं, "मी बघते तसं बघ."

त्यानंतरच्या सोमवारी नवी फिल्म आली. काम दुसरंच होतं. मैदानाच्या कडेला लावलेल्या कॅमेऱ्यातून प्रशिक्षक कधी खुणा करतात ते टिपायचं होतं. त्यात अकरा नंबरचे सामने निघाले. दुपारची वेळ, बाहेर रस्ता सुनसान, मुली डबे खाऊन झाल्यावर कपडे आणायला बाजारात गेल्या होत्या. मी एकटीच चहा पीत बघत होते.

जिच्यासाठी ती मुलगी माझ्या टेबलाशी आली होती, तीच फेक. चेंडू गेला. अकरा नंबर छाती ठोकत बाहेर आला. आमच्या फिल्मवर हे इथे संपायचं. या फिल्मवर पुढे चालू राहिलं. प्रशिक्षक अकरा नंबरकडे गेलेच नाहीत. त्यांनी पळणाऱ्या पोराला दंडाला धरून ओढलं आणि हातवारे करून दाखवू लागले, तिथे! कडेला! थांबलास का? तो पोरगा खाली मान घालून उभा. तेवढ्यात अकरा नंबर आला, दोघांच्या मध्ये शिरला आणि पुन्हा छातीवर ठोकलं. प्रशिक्षकांनी त्याला बाजूला सारलं तरी तो हलेना. मग त्या पोराच्या मानेवर हात ठेवून त्याला बाकापर्यंत घेऊन गेला.

मी दुसरा सामना उघडला. तिसरा उघडला. पाचही ठिकाणी तेच. पोरं चुकत होती आणि हा बाबा अंगावर घेत होता. आणि मी त्याची कबुली खरी मानून त्याला दोषी ठरवलं होतं. पाचही वेळा ती अमळनेरची मुलगी बरोबर होती.

बाहेर रस्त्यावर डांबर वितळत होतं, आणि मी खुर्चीत बसून कुडकुडत होते. शनिवारी काम रवाना व्हायचं होतं, आणि त्यानंतरच्या आठवड्यात ड्राफ्ट. सात चुकांतल्या दोन खऱ्या आणि पाच मी चिकटवलेल्या. सातासमुद्रापलीकडे कुणीतरी तो कागद बघून म्हणणार, याला समोरचा माणूस दिसत नाही, पुढचं नाव घ्या.

साधी गोष्ट होती. फोन उचलायचा आणि सांगायचं, सर, माझं चुकलं. मी फोन उचलला आणि ठेवला.

मला एकदा अद्दल घडलेली आहे. शाळेत असताना खो-खोच्या अंतिम सामन्याचे गुण मी लिहीत होते. एक गडी बाद धरायचा राहिला. बक्षीस देऊन झालं, फोटो झाले, तेव्हा वही बघताना माझ्या लक्षात आलं. मी उठले आणि माईकवर सांगून टाकलं. निकाल फिरला. जिंकलेल्या पोरींचे बाप माझ्याभोवती जमले, एकाने माझी पर्स हिसकावून मातीत फेकली. मुख्याध्यापक मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, तुम्हाला कोणी विचारलं होतं का?" जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा माझी जागा दुसऱ्या बाईला दिलेली होती. त्यानंतर दोन वर्षं मी घरी बसले. कुणी दार वाजवलं तरी छातीत धस्स व्हायचं.

तर सोमवार गेला, मंगळवार गेला. नवऱ्याला सांगितलं. ते म्हणाले, "तिकडच्या पोराची तू कशाला काळजी करते? गप्प बस." मीही मनाशी तेच म्हणत होते. असले कागद त्यांच्याकडे दहा ठिकाणांहून येत असतील, आपल्याला कोण विचारतो? पण काम करायला बसले की अकरा नंबर त्या पोराच्या मानेवर हात ठेवून चालताना दिसायचा. आणि समोरच्या टेबलावर ती मुलगी. स्क्रीनला नाक लावून काम करत असायची. दुपारी डबाही धड खायची नाही. माझ्याकडे बघून हसायची आणि मला तिच्या नजरेला नजर देववत नव्हती. फोन वाजला की वाटायचं, आला पुण्याहून, कळलं त्यांना. पुण्याहून काही येत नव्हतं, ते आणखी वाईट.

बुधवारी मी एका जुन्या पोराची फिल्म बघत बसले. तीन वर्षांपूर्वी पहिल्या पाळीत उचललेला. तरी त्याला शिकायला वेळ न देता पहिल्याच सामन्यात उतरवला आणि महिनाभर नुसता आपटला. कॉलेजात त्याची नजर लांब असायची. दोन महिन्यांनी ती अंगावर येणाऱ्यांकडे असायची, आणि नंतर समोर कुणी नसलं तरी तो घाईघाईने चेंडू जवळच्या माणसाला देऊन टाकायचा. हात तोच. सुट्टीच्या दिवशी सरावात अजूनही लांब फेकत असेल. पण सामन्यात तो कॉलेजातला पोरगा पुन्हा दिसला नाही. ते बघून मी संगणक बंद केला आणि घरी गेले.

गुरुवारी सकाळी, दहाला, खोलीतूनच मी फोन लावला. म्हटलं, "सर, अकरा नंबरचा दोषाचा रकाना माझ्यामुळे चुकलाय. पाच ठिकाणी. ती अमळनेरची मुलगी बरोबर होती. तिचं काम थांबवू नका. माझं काय करायचं ते करा."

बोलून झाल्यावर मी डोळे मिटून घेतले. आता हे ओरडणार, काढून टाकणार, चारचौघांत सांगणार. तसं काहीच झालं नाही. सर नुसते कळफलक बडवत होते, तो आवाज येत राहिला. मग म्हणाले, "मॅडम, कुठे काय चुकलंय? पाचही ठिकाणी तिघींचं एकच आहे."

"तिघींचं कसं? तिची खूण वेगळी आहे."

"नाही हो. तुमची, जोडीच्या मुलीची, तिची, सगळ्यांची तीच. तिची जुळणी तर परवापासून पूर्ण आहे. मी तुम्हाला फोन करून सांगणारच होतो, चांगली तयार केलीत."

मी तिच्या टेबलाकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती, हसून. "ताई, आते बठ्ठं जुळस ना?" म्हणाली. "तुम्ही सांगं तशे दखं मी. रोज घर जाई मोबाईलवर पन्नास-पन्नास दाव दखू. मंग मनी चुकेल बठ्ठी बदली टाकी." चुकलेल्या म्हणून दिसत होत्या त्या सगळ्या खुणा तिने बदलून टाकल्या होत्या.

मी सरांना कडेच्या कॅमेऱ्याची फिल्म बघायला सांगितली. ते वैतागले. "मॅडम, मला हा खेळ कळत नाही. म्हणून तर तुम्ही आहात. तिघी एक सांगतात आणि त्यातली एक आज उठून उलटं म्हणते, तर मी तिकडे काय कळवू?" मग जरा मऊ होऊन म्हणाले, "बरं, असं करू. तुम्ही म्हणता ती बरोबर होती. तिलाच विचारू. ती पुन्हा एकदा पाहून आधीसारखं म्हणाली, तर मी काम थांबवतो आणि तिकडे कळवतो."

माझा जीव भांड्यात पडला. एवढंच ना! मी तिला खुर्ची ओढून शेजारी बसवलं. फोन स्पीकरवर ठेवला. पाचातली शेवटची फेक लावली, तीच, जिच्यासाठी ती माझ्या टेबलाशी आली होती. बाकीच्या मुली पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या.

"हे बघ," मी म्हटलं, "तूच मला सांगितलं होतंस. माझं ऐकू नको. सरांना काय वाटेल ते सोड. तुझं काम कुठे जात नाही, माझी जबान आहे. नुसतं बघ. याचे पाय बघ."

तिने बघितलं. पळणारा निघाला, मध्येच थांबला. मला आता ते लख्ख दिसत होतं, इतकं, की आधी कसं दिसलं नाही याचंच नवल. चेंडू कडेला पडायच्या जागी निघाला होता आणि तिथे समोरच्या संघाचा माणूस होता. मी फिल्म मागे नेली. पुन्हा लावली. पुन्हा. तिसऱ्यांदा मी पाय थांबतात तिथे चित्रच थांबवलं आणि बोट ठेवलं. मग कडेच्या कॅमेऱ्याची लावली, प्रशिक्षक पोराला ओढतात ती.

"हं?" सर म्हणाले. "काय दिसलं?"

ती बराच वेळ बघत राहिली. कपाळाला आठ्या घालून, मनापासून, परीक्षेचा पेपर बघावा तशी.

"अकरा नंबरनीच चुकी शे, सर," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "खरंच ताई. मी तव्हय काय दखं व्हतं, माले नही समजत. माले आते असंच दिसस."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. घाबरून खोटं बोलते आहे का, ते शोधत होते. ती खोटं बोलत नव्हती.